तुटलेलीची खोली

उम्म रुजम,
१८ सप्टेंबर १९७७

हायेल, माझ्या आईच्या लेका,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि तेही माझ्या नावानं नाही. गालेबच्या नावानं आलं. आपल्या या चुलतभावाला हळू वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. अंगणात उभा राहून त्यानं ते असं खणखणीत वाचलं की अख्ख्या आळीला कळलं, व्हेनेझुएलात तुझं दुकान बरं चाललंय, तुझ्या सामीचं लग्न ठरलंय, आणि बापाच्या जागेवर तुला आता सिमेंटचं दुमजली घर हवंय, उन्हाळ्यात येऊन राहायला. 'काळ्या दगडांत माझी मुलं राहायची नाहीत' हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. बहुतेक त्याला आवडलं असावं.

शेवटी माझीही आठवण काढली आहेस. 'पूर्वेची खोली तेवढी ठेवा, बाकी सगळं पाडा. बाबांच्या इच्छापत्रात ती नैफाची आहे.' तुझे उपकार झाले. खरंच म्हणते. तू विसरला असतास तर तुझा हात कोण धरणार होतं?

सामीला हे वाचून दाखवशील तर त्याला काही कळायचं नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. आपल्याकडे मुलीला शेत देत नाहीत, द्राक्षाचा वेल देत नाहीत. पण शहाणा बाप घरातली एक खोली लिहून ठेवतो. मुलीला नवऱ्यानं तोडली, नवरा मेला, किंवा तिचं लग्नच झालं नाही, तर तिला डोकं टेकायला. गावात तिला सरळ तुटलेलीची खोली म्हणतात. आजोबांच्या काळी तिथे हसना आत्या होती. मी लहानपणी तिला फार चिडवायचे. आता तिच्याच कोनाड्यात माझी कंगवा-फणी आहे.

बाबांनी लिहिलंय, 'ती तीत निजते तोवर खोली तिची.' गालेबला इच्छापत्रातले हेच शब्द पाठ आहेत. काल म्हणाला, "ताई, माझ्या आवारात तुला सिमेंटची खोली बांधून देतो. नळ आत, दिवा आत. इथे एकटी काय करणार?"

मी म्हटलं, "एकोणीस वर्षं जे केलं तेच."

"अगं, पण जागा एकसंध मिळाली असती."

"तुला मिळाली असती. मला नाही."

तो हसला आणि गेला. मी खोली सोडणार नाही हे तुलाही सांगून ठेवते. नवरा गेला, घर गेलं, भाऊ समुद्रापार गेला. चार भिंती, एक कमान आणि वरचं छप्पर एवढंच माझं म्हणायला उरलं आहे.

अक्षरांत चुका असतील तर मास्तर तूच होतास. शाळेतून येऊन परातीतल्या पिठात बोटानं मला अलिफ-बे शिकवणारा. तेवढ्यासाठी मी अजून तुझ्यावर पुरती रागावू शकलेले नाही.

तुझी बहीण,
नैफा

&nbsp;

९ ऑक्टोबर

हायेल,

मोठी बैठक परवा उतरवली.

आधी छतावरची माती काढली. दर पावसाळ्याआधी बाबा दगडी रूळ फिरवून दाबायचे ती. मग शिळा. एकेक माणसाच्या उंचीची, सहा जणांनी पहारी घालून उचललेली. मग शिळांखालचे भिंतीतून पुढे आलेले टोडे. इथवर मी दारात बसून मसूर निवडत बघत होते. कमानी उतरवायला खालून लाकडाचा साचा लावतात, दगड माथ्यापासून एकेक काढतात. गालेबच्या माणसांनी दोर बांधले आणि ओढल्या. पहिली पडली तेव्हा माझ्या चुलीवरची किटली घसरून खाली आली. गालेब ओरडला, "घाबरू नकोस ताई, तुझ्या खोलीला बोटही लावत नाही!" आणि खरंच लावलं नाही. माझ्या भिंतीपाशी येऊन थांबले.

दुपारी मी वर पाहिलं. माझ्या कमानीच्या माथ्यावरच्या दोन दगडांत फट होती. मी स्टुलावर चढून सुई घालून पाहिली. गेली.

काल उम्म फारिस आली. ती अजून शेजारीच आहे. विधवा झाली, दात पडले, जीभ शाबूत. ती कोणाची बहीण हे तुला सांगायला नको, पण मला आता ते नाव लिहावंच लागेल. या घरात एकोणीस वर्षं कोणी ते उच्चारलं नाही. शिबली. माझा नवरा होता, नऊ वर्षं.

ती म्हणाली, "दादा काल रस्त्यावरून गेला."

"रस्ता सरकारचा आहे. जाईल."

"थांबला."

"गुडघे दुखले असतील. साठीला आलाय."

"नैफा, थट्टा पुरे. त्यानं निरोप दिलाय. म्हणाला, तिची कमान आता एका खांद्यावर उभी आहे."

हायेल, हे तुला लहानपणी कोणी सांगितलं नसेल, तू दुकानातला माणूस. मी पाथरवटाशी संसार केलाय. आपल्या या डोंगरात छपराला घालायला लाकूड नाही, म्हणून सगळा भार दगडाच्या कमानीवर. आणि कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाजूला ढकलते. हिचा रेटा शेजारच्या खोलीच्या कमानीवर, तिचा पुढच्या. त्यामुळे आपली घरं एकमेकांना रेलून बसलेली असतात. त्यातली एकच खोली ठेवून बाकी पाडता येत नाहीत. इच्छापत्रात येतं, दगडात येत नाही. तुझ्या मनात वाईट नव्हतं, गालेबच्याही नव्हतं. तुम्ही दोघांनी कागद वाचला, एवढंच.

गालेबनं त्याच्या मुकादमाला विचारलं. तो दमास्कसचा, सिमेंटवाला. म्हणाला, सव्वाशे वर्षं उभी आहे, आता काय होतंय?

माझ्या दुसऱ्या अंगाला लागून असलेली लहान खोली आणि गोठा अजून उभे आहेत. ते दोन ठेव. निदान यंदाचा हिवाळा ठेव. ते राहिले तर माझी खोली राहील. गालेबला तार कर. पत्राला तीन आठवडे लागतात.

नैफा

&nbsp;

१३ नोव्हेंबर

हायेल,

तार आली नाही. लहान खोली आणि गोठा गेला. आता फटीत सुई घालायला नको, करंगळी जाते.

मी शेख अबू सलमान यांच्याकडे गेले. बैठकीत पाच-सहा पांढऱ्या पगड्या बसल्या होत्या, गालेबही होता. मी दाराशीच, ओढणी तोंडावर घेऊन उभी राहिले आणि विचारलं, "काका, माझं छत दुरुस्त करू शकेल असा एकच माणूस या भागात उरलाय. बाकीचे सिमेंट कालवतात. तो माणूस माझ्याकडे येऊ शकतो का?"

कोण ते सगळ्यांना ठाऊक. शेखांनी दाढी कुरवाळली.

"बाई, नेम तुला माहीत आहे. तुटलेलं जोडपं एका छताखाली येत नाही. लग्नात नाही, मयतातही नाही."

"म्हणून तर विचारायला आले."

"बाहेरून बांधू दे. मध्ये भिंत आहे, पाप नाही. आत यायची वेळ आली तर तू बाहेर."

"आणि मी बाहेर गेले की गालेब म्हणेल, खोली सोडली."

"गालेब असं म्हणणार नाही," शेख म्हणाले.

गालेबनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तरी बोलला नाही. म्हणून मी ठरवलं की बाहेर जायचंच नाही.

मग शिबली आला. भिंतीच्या पलीकडे, जिथे आपली बैठक होती, तिथे त्यानं आधाराचा पुस्ता बांधायला घेतला. गालेबनं दगड द्यायला कुरकुर केली तेव्हा स्वतःच्या कुंपणाचे आणले, गाढवावर. अकरा दिवस. मी आत, तो बाहेर, मध्ये दोन हात जाडीची भिंत. मी सकाळी झाडलोट करून भिंतीपाशी गोधडी शिवत बसायचे. दोन हलके घाव, एक भारी. दोन हलके, एक भारी. नऊ वर्षं हे ऐकत मी भाकऱ्या भाजल्या आहेत. इतक्या वर्षांत एकाच गावात आम्ही गल्ल्या बदलत जगलो. तो खालच्या आळीनं गेला की मी वरच्या. त्याचा चेहरा आता कसा आहे मला माहीत नाही. घाव मात्र तेच होते, हायेल, आणि मला रडू आलं. गोधडीत सुई तशीच राहिली. पुढच्या दिवशी तीच माझ्या बोटात शिरली.

दुपारी मी माते हा पाल्याचा चहा करून उम्म फारिसच्या हाती बाहेर पाठवायचे. तुमच्या त्या मुलखातूनच आलेलं, आता इथे सगळे पितात, भोपळ्याचं एकच भांडं, एकच नळी, हातोहात. नळी मी घासून स्वच्छ करून पाठवायचे. परत आली की धुवायची नाही. स्वतःसाठी तशीच वापरायची. लाज वाटते लिहायला, पण आता बावन्नाव्या वर्षी लाज तरी किती पुरवून ठेवायची?

शेवटच्या दिवशी उम्म फारिस म्हणाली, "दादा म्हणतो, हा पुस्ता उशीर लावेल, थांबवणार नाही. बर्फ पडायच्या आधी खोलीच्या आत, कमानीच्या पोटातून टेकू हवा."

"त्याला सांग, मी बाहेर येणार नाही."

"आणखी एक म्हणाला."

"काय?"

"म्हणाला, तिला इतका राग होता का माझा? एकदा विचार."

आता ऐक. जे तू आणि मी सोडून कोणालाही माहीत नाही ते मी लिहिते. ज्या दिवशी तू आमच्या उंबऱ्यावर येऊन त्याला पोरांवरून बोललास, वांझ संसार म्हणालास, तेव्हा तो भडकला आणि मला म्हणाला, "जा बापाच्या घरी, या तुझ्या भावाला घेऊन जा." आपल्यात एवढं एकदा म्हटलं की संपलं, नवऱ्याला ते गिळता येत नाही. पण आपण दोघं गल्लीच्या वळणावर होतो तेव्हा त्यानं मागून हाक मारली. "आणि भाकरीच्या वेळेला परत ये. पीठ भिजलंय." तू ऐकलंस. थांबलासही. परत ये म्हटलं की तुटत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं.

तू शेखांना पहिलं वाक्य सांगितलंस. एकच.

तुला एकट्याला दोष देऊन मी मोकळी होत नाही. त्यांनी शिबलीला विचारलं. तो म्हणाला, "नैफाला विचारा. तिनं ऐकलंय. ती म्हणेल ते खरं." माझ्यावर एवढा भरवसा. मला विचारलं, "जा म्हणाला का?" मी म्हटलं, "म्हणाला." ते खोटं नव्हतं. पुढचं मी गिळलं. तू तोवर शपथ घेतली होतीस, बाबा अंथरुणाला खिळले होते, आणि पगड्यांपुढे मी माझ्या भावाला खोटारडा ठरवू शकले नाही. आणि हो, मला रागही होता. दोन दिवस तडफडू दे म्हटलं, उद्या हायेल स्वतःच सांगेल. वसंतात तू बोटीत बसलास.

तेव्हापासून शिबलीला वाटतंय की मलाच तो नको होता. हे त्याला सांगायचं कोणी? निरोपानं सांगण्याजोगं नाही ते.

तू सांग. शेखांना लिही. या वयात आम्ही काही संसार थाटणार नाही. पण तो मला टेकू लावायला येईल तेव्हा मला बाहेर जावं लागणार नाही.

नैफा

&nbsp;

२१ डिसेंबर

हायेल,

तुझं पत्र मिळालं. ऑक्टोबरातल्या पत्राचं उत्तर आहे की नोव्हेंबरातल्या, ते चार ओळींत कळत नाही. 'जुनं उकरू नकोस' म्हणतोस म्हणजे नोव्हेंबरातलं असावं. विमानानं आलेलं दिसतंय, एवढ्या लवकर. तार करायला मात्र तुला जमलं नाही.

'गालेब सांगेल तसं कर. त्याच्याकडची खोली चांगली आहे.' वाचलं.

पहिला बर्फ पडला. फट बुजली आहे. खोलीत ऊब आहे. काळजी नसावी.

सामीच्या लग्नाला माझे आशीर्वाद. सुनेला म्हणावं, सासऱ्याचं अर्धंच ऐकायचं.

नैफा

&nbsp;

२ फेब्रुवारी १९७८

हायेल,

मागच्या पत्रात फट बुजली लिहिलं होतं. ती मीच चिखल आणि भुसा कालवून बुजवली होती, वर बघायला लागू नये म्हणून.

जानेवारीत आठ दिवस बर्फ थांबला नाही. उम्म फारिस आणि मी फावडी घेऊन छतावर चढायचो, दोन म्हाताऱ्या, एकमेकींची कंबर धरून. खाली उतरलं की ती म्हणायची, "आपण दोघी पडलो तर गालेबला दोन खोल्या मिळतील." सातव्या दिवशी माझ्या अंथरुणावर सगळा भुसा पडलेला होता. मूठ जाईल एवढं झालं होतं.

तिनं माझं काही ऐकलं नाही, तशीच बर्फातून खालच्या आळीला गेली. परत येऊन म्हणाली, "दादा उद्या दुपारी येतोय. झऱ्याकडचे चिनाराचे दोन बुंधे तोडलेत. त्याला एक दुपार हवी. तू माझ्याकडे बसायचंस."

"आणि गालेब?"

"अंथरूण घालून ठेव. चुलीत निखारे ठेव. सांजेला परत येऊन तिथेच निजशील. तो काय दुपारचं निजणं मोजतो?"

मी हो म्हटलं. गुरुवारी जेवणं झाल्यावर मी अंथरूण घातलं, उशीही ठेवली, आणि तिच्या घरी जाऊन बसले. तो आल्याचं मला पावलांवरून कळलं. दार दगडी, फिरताना कण्हतं. मग बुंधे आत ओढल्याचा आवाज. मग मोगरीचे घाव. पहिला टेकू बसला, हे मला ऐकूनच कळलं. मग आवाज थांबला.

उम्म फारिस गव्हाच्या बुरगुलाची लापशी ढवळत होती. माझ्या मनात एकच चाललं होतं. तो तिथे आहे, पंधरा पावलांवर. तू लिहिणार नाहीस हे मला चार ओळींत कळलं होतं. हा टेकू लागला की तो पुन्हा खालच्या आळीला जाईल, आणि आम्ही दोघं असेच मरू, तो माझ्या रागाचा विचार करत आणि मी त्याच्या भरवशाचा. मला ते सहन झालं नाही. त्या एका घटकेला मला खोली नको होती, छत नको होतं, नेम नको होता. त्याला ते सांगायचं होतं, एवढंच.

"कुठे निघालीस?" उम्म फारिस म्हणाली.

"सरपण आणते."

दार उघडंच होतं. तो पाठमोरा. डोकं पांढरं झालंय. दुसरा बुंधा कमानीखाली उभा केलेला, खांद्यानं रेटून धरलेला, आणि एक हात खाली पाचर चाचपत होता. पाचर त्याच्या पायाशी होती, मला दिसत होती. मी तेवढी पुढे सरकवून मग बोलायला हवं होतं. किंवा घाव पडेपर्यंत थांबायला हवं होतं. पाथरवटाची बायको मी, मला कळायला हवं होतं.

मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, "शिबली, तू परत ये म्हणाला होतास. मी ऐकलं होतं."

त्यानं वळून पाहिलं नाही. माझा आवाज ओळखला आणि चटकन हात डोळ्यांवर घेतला. एका छताखाली मला पाप लागू नये म्हणून तो बाहेर पडायला बाजूला झाला. खांदा सुटला. बुंधा घसरला, कमान सुटली आणि सगळं छत खाली आलं. तो माझ्यासाठी बाजूला झाला, हायेल. माझे शब्द त्यानं ऐकले की नुसता आवाज, हे मला अजून कळलेलं नाही.

मी उंबऱ्यावर होते, म्हणून वाचले.

गालेब पहिला धावत आला. त्याला नाव ठेवणार नाही, नखं मोडेपर्यंत त्यानं दगड उपसले. मुलं आली, शेख अबू सलमान आले. तीन शिळा काढल्यावर शिबलीचं डोकं आणि छाती मोकळी झाली. मी जाऊन बसले, डोकं मांडीवर घेतलं. श्वास होता.

शेख म्हणाले, "नैफा, बाई, बाजूला हो. दिसतंय ते बरं नाही."

मी म्हटलं, "काका, छत कुठे आहे?"

त्यांनी वर पाहिलं. बर्फ पडत होता, शिबलीच्या मिशीवर, माझ्या हातांवर.

मी त्याच्या कानाशी तेच पुन्हा सांगितलं. दोनदा सांगितलं. त्याचे ओठ हलले. "पाचर," म्हणाला. आणखी काही नाही. डोळे त्यानं शेवटपर्यंत उघडले नाहीत. उघडवत नव्हते की माझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मिटून घेतले होते, देव जाणे.

तिथेच, सगळ्यांसमोर, मी शेखांना दोन्ही वाक्यं सांगितली. मी सोळा आणे खोटी वागले हेही सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, "असं असेल तर तू इतकी वर्षं त्याचीच बायको होतीस."

"होते."

"पण बाई, तेव्हा तू वेगळं सांगितलंस. आता तू म्हणतेस आणि सांगायला तो नाही. तिसरं कोणी ऐकलं होतं?"

"हायेलनं."

"मग हायेलनं सांगायला हवं."

शुक्रवारी त्याला पुरलं. बायका बसल्या होत्या त्या खोलीत मला घेतलं नाही, त्यांचंही चुकलं नाही. मी अंगणात, परगावच्या बायकांत बसले. उम्म फारिस रडत बाहेर आली, माझ्या गळ्यात पडली आणि "वहिनी" म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की सगळ्यांनी ऐकलं. तिला माझ्यावर थुंकायचा हक्क होता.

सध्या मी तिच्याकडेच आहे. तुझी जागा आता एकसंध झाली. गालेबनं काम थांबवलंय, तो माझ्याशी नजर मिळवत नाही. त्याला सांग, सुरू कर. मला तिथे काही ठेवायचं नाही.

आपल्यात मेलेला माणूस पुन्हा जन्म घ्यायला वाट बघत बसत नाही, हे तू तिकडे जाऊन विसरला नसशील. त्याच घटकेला कुठेतरी, आपल्याच कोणाच्या घरात, एक पोर पहिल्यांदा रडलं असेल. त्या गुरुवारी कुठे पाळणा हलला याची मी चौकशी करते आहे. तीन-चार वर्षांत ते पोर बोलायला लागेल. अशा अपघातात गेलेला जीव ज्या पोरात येतो ते पोर मागच्या जन्माचं बोलतं, तू स्वतः अशी दोन पाहिली आहेस. ते दगडांची नावं घेईल, आईबापाचं बोट ओढत उम्म रुजमला आणेल, या गल्लीत उभं राहील आणि विचारेल, माझी बायको कुठे आहे?

तेव्हा या गावानं त्याला काय सांगायचं? तुझी बायको नव्हती, तू तिला तोडली होतीस?

मला सिमेंटची खोली नको, दगडाची नको. तू ऐकलेलं दुसरं वाक्य शेख अबू सलमान यांच्या नावानं लिही आणि खाली सही कर. सामीला वाचायला दे, मग पाकिटात घाल. पाच आठवडे लागले तरी चालेल. पाच महिने लागले तरी चालेल. चार वर्षांच्या आत पोचलं पाहिजे.

नैफा,
शिबलीची बायको